शेरडं उतरतात, गाय उतरत नाही

एकोणीस किलोमीटर म्हणजे आम्हा सोलापूरच्या सायकलवाल्यांच्या हिशेबात हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊन यायचं, वाटेत चहा घ्यायचा आणि पोहे गरम असतानाच घरी हजर व्हायचं. बालाघाटाच्या डोंगरात, दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, एवढ्याच १९ किलोमीटरला आम्हाला साडेआठ तास लागले. अकरा पंक्चर झाली आणि आमच्यातल्या एकाच्या मनगटाचं हाड मोडलं. सहापैकी एकही नवखा नव्हता, आणि खरं दुखणं तिथंच होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

कोण होतो, कुठं गेलो

बँकेतले दादा, वय चव्वेचाळीस. एक डॉक्टरताई. यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, अण्णा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा. किराणा दुकानवाले शेठ. आणि मी, शाळेत विज्ञान शिकवतो. दर रविवारी आमची तुळजापूरची फेरी ठरलेली. कोजागिरीला ज्या रस्त्यानं लाखो माणसं आईच्या दर्शनाला चालत जातात, त्याच रस्त्यानं जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. शेवटचा घाट सायकलवरून न उतरता चढला की छाती फुगायची. दादा आणि पोरगा यांनी तर २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केली होती. सायकली सगळ्यांच्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, जाड टायरच्या, पुढं सस्पेन्शन असलेल्या. त्या आजवर डांबरावरच पळत होत्या, ही गोष्ट वेगळी.

आधी मनात रामलिंगचा परिसर होता. देवळापर्यंत कुणीही जातं, पण आजूबाजूचं रान येडशी रामलिंग घाट अभयारण्यात येतं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथं परवानगीशिवाय आडवाटेला शिरता येत नाही. सायकल तर सोडाच. ते योग्यच आहे. मग अभयारण्याबाहेरची, गावकऱ्यांच्या वहिवाटीतली एक वाट शोधली. पायथ्याची वाडी, तिथून गाडीवाटेनं सात किलोमीटर वर, कड्याच्या काठानं पाच किलोमीटर, मग एका पायवाटेनं १.१ किलोमीटर खाली आणि शेतांमधून ५.९ किलोमीटर परत. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाट चार जणांच्या बांधावरून जाते, आणि उद्या चाळीस सायकली आल्या तर शिव्या आम्हालाच पडणार.

बालाघाट म्हणजे काही सह्याद्री नव्हे. आमच्या घड्याळांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत जेमतेम १७० मीटर उंची दाखवली. पोरगा नकाशा बघून म्हणाला होता, “डोंगर कुठंय बे यात?”

वेळेचा अंदाज मी काढला. रस्त्यावर आमचा वेग ताशी २५. कच्च्यावर निम्मा धरू, म्हणजे दीड तास. थांबे, फोटो, खाणं धरून तीन तास. माणशी दीड लिटर पाणी, मिळून चार ट्यूब, दोन पंप. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र भरपूर. छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, सायकली टाकून पहाटे निघालो आणि ७.४० ला वाडीतून पॅडल मारलं.

वर जाताना

तीन दिवसांपूर्वी परतीचा पाऊस पडून गेला होता. सोलापूरच्या बाजूला वर्षाचा पाऊस मुळात थोडा आणि त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात, हे मी वर्गात शिकवतो. पाणंदीत चाक घातल्यावर आठवलं.

काळी माती ओली असताना काय करते हे शेतकऱ्याला सांगायला नको, सायकलवाल्याला सांगावं लागतं. ती चाकावर चढते, चाकाबरोबर फिरत वर येते आणि फ्रेमच्या दोन नळ्यांमधल्या फटीत लिंपली जाते. वीस-पंचवीस फेऱ्यांत चाक थांबतं. काडीनं काढा, पन्नास पावलं जा, परत काढा. शेवटी सायकली खांद्यावर घेतल्या. चौदा किलोची सायकल त्या दिवशी किती झाली होती कोण जाणे, शेठ म्हणाले, “गव्हाचं अर्धं पोतं उचलल्यासारखं वाटतंय.” पाणंद संपली, मुरूम लागला आणि मग खरंच मजा आली. पुढं बावीस दात, मागं चौतीस, असा सगळ्यात हलका गिअर लावला की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटर सरकते. माणूस चालतो त्याच वेगानं, पण बसून. सात किलोमीटरला एक तास पन्नास मिनिटं लागली. साडेनऊ. तेव्हाच अंदाज मोडीत निघाला होता, पण बोललं कुणीच नाही.

काठावर

वर पठार, गवत पिवळं पडायला लागलेलं, आणि गवतात सराटे.

सराट्याचं फळ वाळलं की त्याचे टणक, काटेरी तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. पहिलं पंक्चर शेठचं. ते काढेपर्यंत बाकीच्यांनी सायकली गवतात आडव्या टाकल्या होत्या. उचलल्या तेव्हा आणखी दोन चाकं बसलेली. पाच किलोमीटरमध्ये नऊ पंक्चर झाली.

इथं अण्णांकडून एक गोष्ट शिकलो. ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत तीच परत बसली, असं का होतं? काटा टायरमध्ये तुटून राहतो. बाहेरून दिसत नाही, आत बोट फिरवलं तरी लागत नाही, कारण टोक केसाएवढं असतं. अण्णांनी कमरेचा टर्किश टॉवेल काढला, सोलापुरीच, त्याचा कोपरा टायरच्या आतून हळूहळू फिरवत नेला. टॉवेलच्या पृष्ठभागावर सुताचे बारीक फास असतात. एका जागी फास अडकला आणि टॉवेल खेचला गेला. तिथं त्यांनी मागावरचा चिमटा लावला आणि तांदळाच्या कणीएवढं टोक बाहेर काढलं. “तुटलेला धागा हुडकायचं काम हाय हे,” म्हणाले. एका टायरमध्ये असे चार निघाले.

कड्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ११.५० झाले होते. पाणी सगळ्यांचं मिळून दोन लिटर उरलेलं. ऊन ऑक्टोबरचं.

आता दोन वाटा होत्या. आल्या रस्त्यानं मागं फिरायचं, म्हणजे तेच सराटे, तीच पाणंद, बारा किलोमीटर. नाहीतर समोरची पायवाट. एक किलोमीटर शंभर मीटर. खाली वाडीचे पत्रे चमकताना दिसत होते.

तिथं एक म्हातारबा शेरडं राखत बसले होते. मी विचारलं, “बाबा, ही वाट खाली जाते ना?”

“जाती की.”

“सायकल उतरेल का?”

त्यांनी सायकलीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. “सायकलीचं मला काय ठावं. ह्या वाटंनं शेरडं उतरत्यात. गाय न्हाई उतरत.”

आम्ही हसलो. गाईला गिअर नसतात, असं कुणीतरी म्हणालं. कोण, ते आता कुणाला आठवत नाही.

एक किलोमीटर शंभर मीटर

१७० मीटरचा उतार १,१०० मीटरमध्ये, म्हणजे सरासरी १५ टक्क्यांच्या वर. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन वाटांना रंग देते: हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. निळ्या वाटेचा सरासरी चढ-उतार १० टक्क्यांच्या आत आणि न टाळता येणारा अडथळा आठ इंचांपर्यंत. काळ्या वाटेला १५ टक्के आणि पंधरा इंच. आमची वाट काळ्याच्याही कडेला होती, आणि हे गणित मी घरी येऊन केलं.

सरासरीनं तरी काय कळतं म्हणा. हा सगळा मुलूख दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. लांबून सुंदर दिसतं. सायकलवरून त्याचा अर्थ असा की शंभर मीटर सुटा मुरूम, घट्ट जमिनीवर साबुदाणा सांडल्यासारखा, आणि मग अचानक फूट-दीड फुटाची काळ्या दगडाची पायरी. परत मुरूम, परत पायरी. शिवाय वाट सरळ खाली गेलेली, म्हणजे पावसाचं पाणीही तिनंच गेलेलं. मधोमध गुडघाभर घळ.

१२.१० ला निघालो. पोरगा पुढं, मग दादा, मग मी.

दादांची सीट रस्त्यावर असते तितकीच उंच. टायरमध्ये हवा ५० पीएसआय, रस्त्याची. एवढ्या हवेला टायर दगडासारखा होतो. मुरमावर टेकतो, धरत नाही. आणि ब्रेक. दादांनी पहिल्या पावलापासून दोन्ही ब्रेक अर्धे दाबून धरले होते ते सोडलेच नाहीत. तारेचे डिस्क ब्रेक, त्यामुळं बोटांना जोर जास्त. दोन-तीनशे मीटरमध्ये जळका वास यायला लागला. मला वाटलं खाली कुणी पाचट पेटवलंय.

तापलेला ब्रेक ही या खेळाची जन्मखूणच म्हणायची. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही जणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडायच्या शर्यती सुरू केल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या उताराला नावच पडलं, रीपॅक, म्हणजे परत भरणं. तिथूनच पुढं माउंटन बाइक घडत गेली आणि १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचली. आमच्याकडं त्यांच्यापेक्षा शंभर पटीनं चांगले ब्रेक होते. हात मात्र हायवेचे.

तिसरी पायरी. पोरगा उतरून, सायकल उचलून गेला. दादा म्हणाले, “एवढीशीच आहे की!” आणि ती खरंच एवढीशीच होती, फूटभर. पुढचं चाक काठावरून खाली गेलं. त्या क्षणाला ब्रेक सोडायला हवा होता, चाक फिरू द्यायला हवं होतं. दादांनी दाबला. चाक खालच्या मुरमात रुतून उभं राहिलं, मागचं वर आलं, उंच सीटनं दादांना पाठीमागून ढकलल्यासारखं झालं आणि ते हँडलवरून पुढं गेले. फार वेगात नाही. सावकाश, एखादं पोतं कलंडतं तसे. डावा हात पुढं टाकला.

मनगट

रक्त नाही, सूज नाही, हाड वाकडं नाही. दादा उठून बसले, हसले, बोटं हलवून दाखवली. “मुरगळलाय फक्त.” अण्णा तेल चोळायच्या गोष्टी करायला लागले.

डॉक्टरताईंनी दादांना अंगठा वर ताणायला सांगितला. ताणल्यावर मनगटाशी, अंगठ्याच्या मुळाकडं, एक छोटा खळगा पडतो. तुम्ही आत्ता करून बघा, दिसेल. त्या खळग्यात ताईंनी बोटाचं टोक ठेवून हलकेच दाबलं. दादांचा चेहरा पांढरा झाला.

त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. पसरलेल्या हातावर पडलं की मनगटातल्या छोट्या हाडांपैकी बहुतेक तेच मोडतं, आणि पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. त्याला रक्तपुरवठा मुख्यतः एका टोकाकडून होतो, त्यामुळं दुर्लक्ष झालं तर ते न जुळण्याची आणि मनगट कायमचं अधू होण्याची भीती असते. त्या संध्याकाळी एक्स-रे स्वच्छ आला. दादा खूश. ताईंनी तरीही प्लास्टर घालायलाच लावलं. बारा दिवसांनी परत एक्स-रे काढला, तेव्हा हाडावर बारीक रेघ दिसली. दहा आठवडे प्लास्टर. ताई बरोबर नसत्या तर तेल चोळून दादा सोमवारी कामावर गेले असते.

डोंगरात मात्र हात बांधायला काही नव्हतं. फुटक्या ट्यूब ढीगभर. पंप मनगटाच्या लांबीचा. पंपाचा आधार देऊन ट्यूबनं हात बांधला, दुसऱ्या ट्यूबची झोळी गळ्यात अडकवली. झकास झालं. मग पंधरा मिनिटांनी माझं चाक बसलं, पाठोपाठ शेठचं, आणि लक्षात आलं की दुसऱ्या पंपाचं तोंड सकाळीच चिरलंय. चालू असलेला एकुलता एक पंप दादांच्या हाताला बांधलेला. दादा म्हणाले, “सोडा, मी धरतो हात.” आम्ही नाही सोडला. सायकली ढकलत गेलो.

मोबाइलला रेंज खाली ओढ्याशी मिळाली. तोवर दादा चालते-बोलते होते, म्हणून १०८ ला फोन न करता छोट्या हत्तीवाल्यालाच ओढ्यापर्यंत बोलावून बघितलं. तो चिखलामुळं येऊ शकला नाही. पायवाटेला दोन तास पाच मिनिटं. वाडीत पोचायला ४.१०. एका बाईंनी हंडाभर पाणी पुढं ठेवलं आणि काही न विचारता चहा टाकला.

हिशेब कुठं चुकला

सोलापुरात परत आल्यावर आठवडाभर यावर वाद चालला. अण्णांच्या मते दोष यंत्राचा: टायर, हवा, सीट. ताई म्हणतात पाणी. तहानलेल्या डोक्यानं घेतलेला निर्णय. दोघांचं खरं आहे. पण माझ्या मते चूक आधीची आणि माझी. मी अंतराला वेगानं भागलं.

गिर्यारोहकांचा एक जुना आडाखा आहे, विल्यम नेस्मिथ यांचा, १८९२ चा: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्या फेरीला तो लावून बघितला. एकोणीस किलोमीटरचे तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, चढाईची सतरा. चार तास पाच मिनिटं. म्हणजे सायकली सोलापुरातच ठेवून नुसते चालत गेलो असतो तर पावणेबाराला वाडीत परत असतो. कड्याच्या तोंडाशी पोचायलाच आम्हाला अकरा पन्नास झाले होते. हे गणित मी दादांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि म्हातारबांचं वाक्य. ते मी नंतर महिनाभर चघळलं.

वाटा बांधणाऱ्यांचा एक नियम आहे: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. जास्त झाला की पाणी वाट सोडून बाजूला पडत नाही, वाटेनंच धावतं आणि तिची घळ करतं. गाय हा नियम पाळते. तिचं वजन तीन-चारशे किलो, उतारावर ते पुढच्या पायांवर येतं, म्हणून ती सरळ उतरत नाही; तिरकी जाते, वळते, परत तिरकी. गुरांच्या रोजच्या जाण्यानं डोंगराला आडव्या पट्ट्या पडलेल्या दिसतात त्या याच. भरलेल्या बैलगाडीची वाट त्याहून सौम्य. इथली आगगाडी त्याहूनही: १८९७ ला सुरू झालेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे पुढं येडशीवरून लातूरला गेली ती हाच बालाघाट चढून, आणि रुळांना तर गाईहून कमी चढ सोसतो. शेरडू मात्र सरळ उतरतं. त्याला घळ चालते, दगड चालतो, पाय ठेवायला वीतभर जागा पुरते.

म्हणजे म्हातारबांनी आम्हाला हिरवी-निळी-काळी सांगितली होती. गाडीवाट, गाईची वाट, शेरडांची वाट. आम्ही ‘सायकल उतरेल का’ हा प्रश्न ज्यानं कधी सायकल चालवली नाही त्याला विचारला. त्यानं प्रामाणिकपणे त्याला ठाऊक होतं तेवढं सांगितलं, आणि ते पुरेसं होतं.

जानेवारीत

जानेवारीत परत गेलो. ज्वारी उभी, काळी माती वाळून भेगाळलेली, हुरड्याचे दिवस. सहापैकी चार सायकली आता ट्यूबलेस. टायरमध्ये ट्यूबऐवजी पातळ लॅटेक्सचं औषध फिरतं, काटा काढला की भोक आपोआप बुजतं. हवा २६ पीएसआय. मुरमावर टायर चपातीसारखा पसरतो. ट्यूबवाल्या दोघांनी इतकी कमी हवा ठेवली नाही, कारण दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली की सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पाणी माणशी तीन लिटर. वेळ नेस्मिथच्या हिशेबानं.

आधी ब्रेकचा सराव केला, सोलापुरातच विडी घरकुलच्या पलीकडं मुरमाच्या एका ढिगावर. चांगल्या जमिनीवर दाबायचा, पायरीच्या आधी सोडायचा, परत दाबायचा. सीट खाली, कंबर मागं, टाचा खाली. ऐकायला सोपं. बोटांना समजायला तीन रविवार लागले.

वर गाडीवाटेनं गेलो आणि उतरलो गाईच्या वाटेनं. २.८ किलोमीटर, तेच १७० मीटर, म्हणजे सहा टक्के. एकदाही पाय टेकला नाही. पूर्ण फेरी तीन तास पन्नास मिनिटांत, दोन पंक्चर धरून. दादा प्लास्टर निघाल्यावर नुकतेच हात हलवायला लागले होते. ते छोट्या हत्तीतून आले आणि वाडीतल्या एका ओट्यावर बसून राहिले.

अण्णांना मात्र ती शेरडांची वाट सोडवेना. हुरडा खाऊन झाल्यावर ते एकटे सायकल ढकलत परत वर गेले. पायऱ्यांवर उतरून चालायचं, मधल्या मुरमावर बसायचं, एवढं कबूल करून घेऊन आम्ही सोडलं. मी निम्म्यात जाऊन उभा राहिलो. म्हातारबा होतेच.

अण्णा आले. सीट पार खाली, गुडघे बाहेर, कोपर बाहेर, पोट जवळजवळ मागच्या चाकाला टेकलेलं. तिसऱ्या पायरीशी उतरले, सायकल उचलून खाली ठेवली, परत चढले.

म्हातारबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. “आता जरा शेरडावानी उतराय लागलं बघा.”